रिसॉर्टचा मील प्लॅन: दोघांच्या सुट्टीत घ्यावा का?

बुकिंग करताना एकाच खोलीचे चार दर समोर येतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक ठिकाणी रात्रीचं. काही देशांत यालाच हाफ बोर्ड म्हणतात. एपीमध्ये नाश्ता आणि दोन्ही जेवणं. दोघंच निघाला असाल तर सीपी घ्या आणि रात्रीचं जेवण मोकळं ठेवा, असं आमचं मत आहे. त्याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

नाश्त्याचे पैसे सहसा वसूल होतात. सकाळी उठून बाहेर जागा शोधण्याचा त्रास वाचतो, आणि अंडी किंवा काही गरम हवं असेल तर ते काउंटरवर समोरच करून मिळतं. नाश्ता सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या तासात जा. शेवटच्या अर्ध्या तासात भांडी पुन्हा भरली जातीलच असं नाही. पहाटे निघायचं असेल तर आदल्या संध्याकाळी रिसेप्शनला सांगून नाश्ता बांधून घ्या. सकाळी ऐनवेळी मागितला तर स्वयंपाकघरात माणूसच नसतो.

रात्रीच्या जेवणाचा मात्र हिशेब मांडून बघावा. एमएपीच्या दरातून सीपीचा दर वजा करा. दर माणशी असेल तर हा फरक हीच एका ताटाची खरी किंमत. खोलीमागे असेल तर त्याला दोनाने भागा. समजा तीन रात्रींचे पैसे भरले आणि एका संध्याकाळी फिरण्यात उशीर होऊन बाहेरच जेवलात, तर उरलेली दोन जेवणं दीडपट महाग पडली. न घेतलेल्या जेवणाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. रात्रीच्या ऐवजी दुपारी जेवता येईल का, हे बुकिंगच्या आधीच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. पाण्याच्या बाटल्या, शीतपेयं आणि मद्य एमएपीत बहुधा धरलेले नसतात, त्यामुळे शेवटच्या दिवशी वेगळं बिल हातात पडतं.

पैशांपेक्षा मोठी अडचण बुफेची आहे. चौघा-सहा जणांत कोणी उठलं तरी टेबलावर गप्पा चालू राहतात. दोघांत एक जण वाढून घ्यायला गेला की दुसरा एकटा बसतो. मग दुसरा जाऊन वाढून घेऊन येतो तेव्हा पहिल्याचं ताट निवत आलेलं असतं. तासाभराच्या जेवणात समोरासमोर निवांत बसणं फार थोडं होतं. सुट्टीतली रात्र अशी उठबशीत जाऊ नये. मुक्कामात बुफे टळणारच नसेल तर ताट घेण्याआधी दोघांनी मिळून एक पूर्ण फेरी मारा, काय हवं ते ठरवा, आणि दोनच खेपांत जेवण उरका.

बुफेचा दर्जा ओळखणं अवघड नाही. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या आसपास किंवा खाली राहायला हवेत. झाकण उघडल्यावर वाफ येत नसेल, खालचा बर्नर विझलेला असेल, तर तो पदार्थ सोडा. तळलेले पदार्थ झाकणाखाली स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात. त्यात आचाऱ्याचा दोष नाही, ते फक्त लाइव्ह काउंटरवरच घ्यावेत. खोल्या कमी भरल्या असतील तर काही ठिकाणी बुफेऐवजी ठरलेली ताटं टेबलावर आणून देतात. दोघांसाठी हे उलट चांगलंच. चेक-इन करतानाच त्याबद्दल विचारून घ्या.

आता अपवाद. जवळचं उपाहारगृह अर्ध्या तासाच्या अंतरावर, रस्ता अंधाराचा आणि रात्री परतायला गाडी मिळण्याची खात्री नाही, अशी जागा असेल तर एमएपीच घ्या. बेटावर किंवा जंगलातल्या मुक्कामी एपीसुद्धा योग्य.

कँडललाइट डिनरच्या पॅकेजबद्दल आम्ही फारसे अनुकूल नाही. टेबल किनाऱ्यावर किंवा बागेच्या टोकाला, स्वयंपाकघरापासून लांब. ताट पोचेपर्यंत कोमट होतं, उघड्यावरच्या वाऱ्यात आणखी पटकन निवतं. खेपा वाचवण्यासाठी वेटर सूप, स्टार्टर आणि मुख्य पदार्थ पाठोपाठ आणतो. काचेची चिमणी नसेल तर मेणबत्ती टिकत नाही आणि दिव्यांभोवती किडे जमतात. तरीही हौस असेल, आणि ती असायला काहीच हरकत नाही, तर चार गोष्टी आधी पक्क्या करा: पदार्थ एकेक करून येतील, मेन्यूत बदल चालेल, पाऊस आल्यास आत टेबल मिळेल, आणि रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील. वेळ सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीची घ्या, म्हणजे पहिला पदार्थ उजेडात खाता येतो.

कमी खर्चात त्याहून छान संध्याकाळ साध्या रेस्टॉरंटमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर मिळते. फोनवर फक्त ‘दोघांसाठी टेबल’ सांगितलं तर दाराजवळची किंवा स्वयंपाकघराच्या वाटेवरची जागा पदरी पडण्याची शक्यता असते. भिंतीकडेचं किंवा खिडकीचं टेबल स्पष्ट मागा. बंद होण्याची वेळ विचारू नका, शेवटची ऑर्डर कधी घेतात ते विचारा. दोन्हींत बराच फरक असतो. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि परतीच्या गाडीची सोयही त्याच फोनवर कळते. एखादा पदार्थ सोसत नसेल तर टेबल राखतानाच सांगा आणि बसल्यावर पुन्हा आठवण करा, कारण फोन घेणारा आणि वाढणारा वेगळा असतो.

ऑर्डर करताना दोन स्टार्टर आणि एकच मुख्य पदार्थ मागवा, वाटून द्यायला सांगा; कमी पडलं तर आणखी मागवता येतं. वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, म्हणजे दोघांना सहसा जास्तच. अर्धी बाटली, म्हणजे ३७५ मिली, आहे का ते बघा. न मागता टेबलावर आलेला पाव किंवा पाणी काही देशांत बिलात लागतं, म्हणून हात लावण्याआधी विचारा. परदेशात कार्डाच्या मशीनवर आपलं चलन की तिथलं असा पर्याय आला, तर तिथलंच निवडा. आपल्या चलनात घेतलं की रूपांतराचा दर मशीनवाला ठरवतो आणि तो बहुधा महागच पडतो.