नोटो फॉन्ट: सगळ्या लिप्या एका गाठोड्यात की लिपीगणिक पॅकेज?

लिनक्सची स्वतःची आवृत्ती बांधायला घेतली की नोटोपाशी, म्हणजे जगातल्या बहुतेक लिप्यांसाठी गूगलनं काढलेल्या फॉन्टसंचापाशी, हा प्रश्न येतोच. ओपनटाइप या फॉन्ट-प्रकाराच्या एका फाइलीत ६५,५३५ पेक्षा जास्त अक्षराकार मावत नाहीत, त्यामुळे लिप्यांच्या फाइली वेगवेगळ्याच येतात. त्या पॅकेजांत, म्हणजे एकत्र इन्स्टॉल होणाऱ्या गठ्ठ्यांत, बांधायच्या कशा, एवढंच आपण ठरवायचं.

लिनक्सच्या प्रचलित आवृत्त्यांपैकी आर्चनं बहुतेक लिप्या एकाच पॅकेजात घातल्या आहेत. डेबियनचा मार्ग मधला: साधा आणि ठळक ठसा ‘कोअर’मध्ये, बाकीच्या जाड्या ‘एक्स्ट्रा’मध्ये. चिनी-जपानी-कोरियन फॉन्ट अवजड, म्हणून ते दोघांनीही वेगळे ठेवलेत. फेडोरात मात्र देवनागरीचं पॅकेज वेगळं, तमिळचं वेगळं.

एका गाठोड्याचा फायदा उघड आहे. कुठल्याही भाषेचं पान उघडा, रिकामे चौकोन सहसा दिसत नाहीत, आणि देखभालही सोपी. पण पत्र लिहायला बसलेल्या माणसाला फॉन्टच्या यादीत बाली, चेरोकी असं सगळं ओलांडत देवनागरीपर्यंत यावं लागतं. शाळेतल्या जुन्या संगणकांसाठी आवृत्ती करत असाल, तर माझं मत ठामपणे लिपीवार पॅकेजांच्या बाजूनं आहे.

जागेची काळजी असेल तर व्हेरिएबल फॉन्ट घ्या. नोटो सान्स देवनागरीच्या ९ जाड्या आणि ४ रुंद्या, म्हणजे एरवीच्या ३६ फाइली, एका फाइलीत येतात. लिबरऑफिस हे लेखनाचं सॉफ्टवेअर मात्र ७.५ किंवा पुढचं हवं. त्याआधी पीडीएफ करताना हे फॉन्ट नीट उतरत नसत.

मराठीसाठी खरी मेख पुढेच आहे. फेडोराची पॅकेजं आपण कोणत्या भाषा सांभाळतो हे स्वतःच जाहीर करतात. ही माहिती फॉन्टकॉन्फिग या फॉन्ट शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडून येते, आणि ते फक्त अक्षरं आहेत का एवढंच बघतं, त्यांचं वळण बघत नाही. त्यामुळे हिंदी वळणाचे ल आणि श असलेला फॉन्टही मराठीसाठी पास होतो. फॉन्टमध्ये मराठी वळण दिलेलं असलं, तरी मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामनं कळवल्याशिवाय ते लागत नाही. लिपीवार मांडणीत अशा भाषेसाठी वेगळं पॅकेज करायला जागा राहते. डेबियनमध्ये लोहित या फॉन्टचं मराठीसाठी स्वतंत्र पॅकेज आहेच.

कोणताही मार्ग घ्या, पण पॅकेज प्रसिद्ध करण्याआधी ‘लाल शाल’ आणि ‘दर्या, दऱ्या’ हे शब्द ब्राउझरमध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि फाइलींच्या नावांत टाकून बघा. ‘दऱ्या’तला र रफार होऊन डोक्यावर चढला, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला म्हणून समजा.