यीस्ट हल्स: अडलेल्या किण्वनाला उपयोगी, तबेल्याच्या वासावर अपुरे

दिंडोरी परिसरातील आमच्या लहान वायनरीत या हंगामात यीस्ट हल्सची पावडर वापरली. यीस्टच्या पेशींतील आतला भाग काढून टाकल्यावर ग्लुकान आणि मॅनोप्रोटीनच्या ज्या भित्तिका उरतात, त्यांचीच ही फिकट बदामी पावडर असते. ती वाइनमध्ये विरघळत नाही; नकोसे घटक स्वतःला चिकटवून घेते आणि गाळाबरोबर तळाशी बसते.

तिचे खरे काम अडलेल्या किण्वनात, म्हणजे साखरेचे अल्कोहोल होणे मध्येच थांबते तेव्हा दिसते. शिराझ या द्राक्षाच्या वाइनच्या एका टाकीत साखर उतरायची थांबली होती. किण्वन चालू असताना यीस्टच ऑक्टॅनॉइक आणि डेकॅनॉइक आम्ले सोडते आणि अल्कोहोल चढल्यावर तीच त्याला विषासारखी बाधतात. बोर्डोच्या संशोधकांनी 1984 मध्ये हे दाखवून त्यावर यीस्टच्या भित्तिकांचा उतारा सांगितला. युरोपीय संघाची मर्यादा 1000 लिटरला 400 ग्रॅम आहे. आम्ही त्याहून बरीच कमी पावडर दहापट पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून टाकीत घातली. ती बसल्यावर वाइन वरून काढून घेतली आणि हळूहळू सवय लावलेले नवे यीस्ट दिले, तेव्हा साखर पुन्हा उतरू लागली.

बॅरलमधल्या, ब्रेटॅनोमायसिस (तबेल्यासारखा वास आणणारे एक यीस्ट) लागलेल्या वाइनवर मात्र मन भरेल असा परिणाम मिळाला नाही. लहान बाटल्यांत आधी चाचणी घेतली, तर घोड्याच्या तबेल्याचा वास सौम्य झाला. नाहीसा झाला नाही, आणि मात्रा वाढवली तसा फळाचा गंधही दबला. सक्रिय कोळशाने रंगाचे जे वाटोळे होते ते इथे झाले नाही, ही जमेची बाजू. पण वासाचे रेणू काढले तरी ते बनवणारा जीव बॅरलमध्ये राहतोच. त्याचा बंदोबस्त सल्फर डायऑक्साइड आणि बारीक गाळणीनेच करावा लागतो.

तक्रार पॅकिंगविषयी आहे. लहान उत्पादकाला परवडेल असे लहान पाकीट विक्रेत्याकडे नव्हते, आणि उघडलेली पिशवी दमट हवेत ठेवली की पावडरीला खवट वास धरतो, जो थेट वाइनमध्ये उतरू शकतो. म्हणून विकत घेताना उत्पादनाची तारीख पाहावी, पिशवी उघडताच वास घ्यावा आणि उरलेली पावडर हवाबंद डब्यात कोरड्या, थंड जागी ठेवावी.