राजारामपुरीतली लॅब: सुई भारी, बोलणं कमी, 3 स्टार

लॅबचं नाव घेत नाही, कारण सगळी चूक त्यांची नाही, थोडी माझीपण हाय. इन्शुरन्ससाठी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट) पाहिजे होती म्हणून शनिवारी सकाळी रंकाळ्याला एक चक्कर पळून तसाच घामानं निथळत गेलो, वर दोन जिने. रक्त काढणारा पोरगा एक नंबर, सुई कधी गेली कळलंच नाही, जांभळ्या टोपणाची नळी भरली, हलकं हलवली, "झालं बघा दादा, जावा". पाच मिनिटांत बाहेर, पैसेपण वाजवी. इथंपर्यंत नाद खुळा.

दुपारी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. पांढऱ्या पेशी 11,900 आणि शेजारी ठळक एच, त्यांची रेंज 4,000 ते 11,000. फोन लावला तर काउंटरवरच्या ताई "जास्त आलंय, डॉक्टरांना दाखवून घ्या" एवढं बोलल्या आणि ठेवला की फोन. मग काय, रात्री बारापर्यंत मोबाईल, आणि नेटवर ब्लड कॅन्सरच्या खालचं काही सापडतच नाही. बायकोला सांगितलं नव्हतं पण रविवारी मिसळ निम्मी ठेवली तिथंच तिला कळलं.

सोमवारी फॅमिली डॉक्टरनी रिपोर्ट हातात घ्यायच्या आधी विचारलं, ताप? खोकला? दात दुखतोय? सिगरेट? स्टेरॉइडची गोळी? सगळ्याला नाही. मग रक्त द्यायच्या आधी काय केलंत? म्हटलं पळालो. हसायलाच लागले ओ. म्हणाले न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) पेशींतल्या निम्म्याच्या आसपास रक्तात फिरतच नसतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात, माणूस पळाला, घाबरला की ॲड्रेनलिनमुळं त्या सुटतात आणि मोजणीत येतात. म्हणजे नवीन कोण आलेलं नाही, कट्ट्यावर बसलेली पोरंच उठून रस्त्यावर आली. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, टक्केवारी सगळं जागेवर होतं म्हणून ते निवांत होते, आकडा परत परत वरच राहिला किंवा ताप, वजन उतरणं असलं काही असतं तर गोष्ट वेगळी.

सकाळपेक्षा दुपारी आकडा थोडा वर असतो, बिडी-सिगरेटवाल्याचा कायम वरच्या अंगाला, गरोदर बाईचा तर 11,000 च्या पुढं गेला तरी बहुतेक वेळा नॉर्मलच. आणि मला खरंच माहीत नव्हतं ते हे, की रेंज म्हणजे ठणठणीत माणसांतली मधली 95 टक्के. म्हणजे 20 धडधाकट माणसांत एखादा रेंजच्या बाहेर पडणारच, आणि त्याच्या रिपोर्टवरपण तसलाच ठळक एच नाहीतर एल येणार. मी त्याला पोलिसाची पावती समजत होतो.

लॅबवर राग एवढाच की भिंतीवर शुगरसाठी उपाशी या म्हणून हाताएवढ्या अक्षरात लिहिलंय (सीबीसीला उपाशी राहायची गरज नसते, तरी मी होतो), पण "पळून आलायसा काय" हे कोण विचारत नाही. एक ओळ लिहायला काय जातंय?

पुढच्या शनिवारी मुद्दाम तिथंच गेलो, मशीन बदललं की आकडा थोडा हलतो म्हणून. न पळता. म्हटलं आधी 20 मिनिटं शांत बसतो, तर ताई म्हणाल्या नंबर जाईल तुमचा. गेला. 7,800 आलं. पार्किंग नाही, गाडी मागच्या गल्लीत लावा.