सिल्व्हर नॅनोपार्टिकल्ससाठी सिलिकॉन नायट्राइड ग्रिड : काही महिने वापरून झाल्यावर

ग्रिड म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये नमुना ज्यावर ठेवतात ती छोटी चकती; इथे तिच्या खिडकीवर सिलिकॉन नायट्राइडचा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, असतो. आधी पैशाचं बोलू. साध्या कार्बन-कॉपर ग्रिडपेक्षा कितीतरी पट महाग, ऑर्डर पाहून आमच्या मॅडम म्हणाल्या "एवढ्याशा खिडकीला एवढे पैसे?" पण काम जर लो-लॉस ईल्सचं (नमुन्यातून जाताना इलेक्ट्रॉनने गमावलेली थोडीशी एनर्जी मोजणं) असेल, म्हणजे चांदीचा प्लाझ्मॉन (तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांचं एकत्र हेलकावणं) मोजायचा असेल, तर पैसे वसूल आहेत असं माझं स्पष्ट मत.

कारण असं की साध्या ग्रिडवरचा अमॉर्फस कार्बन 1 ते 6 ईव्हीत (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एनर्जीचं एकक) स्वतःच सिग्नल देत बसतो, आणि चांदीचा पीक साधारण 3 ते 3.5 ईव्हीला, म्हणजे नेमका त्याच गर्दीत. वर कार्बनला टेकलेल्या कणाचा पीक रुंद आणि बुटका होतो तो वेगळाच. नायट्राइडचा बँडगॅप (ज्याहून कमी एनर्जी तो फारशी शोषत नाही) 5 ईव्हीच्या आसपास, त्यामुळे त्याखाली बराच शांत.

पण "नायट्राइड म्हणजे सपोर्टचा परिणाम शून्य" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स 2 च्या आसपास असल्याने पीक कमी एनर्जीकडे सरकतोच, आणि कण मेम्ब्रेनवर किती टेकलाय यावर ते ठरतं, गोल कण कमी सरकतो, चपटा ट्रायँगल जास्त. म्हणजे व्हॅक्यूममधल्या सिम्युलेशनशी जुळवत बसलात तर वेळ फुकट, सबस्ट्रेट घालूनच चालवा. आणखी एक, मायक्रोस्कोपच्या 200 केव्ही व्होल्टेजला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या 0.7 पट वेगाने जातो, त्यामुळे मेम्ब्रेनमधून चेरेन्कोव्हचं (इलेक्ट्रॉन पदार्थातल्या प्रकाशापेक्षा वेगात गेला की निघणाऱ्या प्रकाशाचं) बॅकग्राउंड येऊ शकतं. 60 केव्हीला तो प्रश्न नाही. शेजारच्या कोऱ्या मेम्ब्रेनचा स्पेक्ट्रम प्रत्येक वेळी घेऊन ठेवायचा, आळस करायचा नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्लाझ्मा क्लीनिंग, म्हणजे वायूच्या प्लाझ्माने ग्रिडवरची घाण काढणं. पातळ कार्बन ऑक्सिजन प्लाझ्मात खाल्ला जातो, नायट्राइड टिकतं. आमच्या पार्टिकल्सवर पीव्हीपी (पॉलिमरचा लेप) असतं, प्लाझ्मा न करता स्टेममध्ये (बारीक बीम फिरवून इमेज घेण्याची पद्धत) एक मॅप घेतला की पुढच्या इमेजमध्ये स्कॅन केलेला चौकोन पांढरा चमकायला लागतो, तो साचलेला कार्बन, झालं मग, पीक हलणारच. चांदीवर मात्र ऑक्सिजन नको, ऑक्साइड होतं, ग्रिड आधी साफ करून मग थेंब टाका. त्याने थेंब नीट पसरतोही.

तक्रारी : चार्जिंग होतं, कधी इमेज सरकत राहते. ट्वीझर चुकून खिडकीला लागला की संपलं. 2-3 नॅनोमीटरच्या सोन्याला तर वापरूच नका, 15 नॅनोमीटर मेम्ब्रेनच्या दाणेदारपणात 0.235 नॅनोमीटरच्या फ्रिंजेस (अणूंच्या थरांच्या रेषा) बुडतात, तिथे लेसी कार्बनवरचा (जाळीसारखी भोकं असलेला) अल्ट्राथिन कार्बन बरा. ईडीएक्सला (एक्स-रेवरून मूलद्रव्य ओळखताना) सिलिकॉन 1.74 केईव्हीला येणारच, त्यामुळे सिलिका शेलवाल्यांनी लांब राहा. पण कॉपर अलॉय असेल तर कॉपर ग्रिडचा 8.04 केईव्हीचा पीक टळतो, हा फायदा.

फुकटातला उपाय हवा असेल तर लेसी कार्बनवर भोकाच्या काठाला लटकलेला कण शोधा आणि बीम व्हॅक्यूमच्या बाजूला ठेवा. सापडायला अर्धा दिवस जातो, पण स्पेक्ट्रम असा स्वच्छ की नायट्राइडलाही जमत नाही.