सिमवाली गाडी की साधी? बुकिंगआधी एवढं बघा

शोरूममध्ये सेल्समन सनरूफ उघडून दाखवतो, मायलेज सांगतो. गाडीतल्या ई-सिमचा (गाडीत बसवूनच येणाऱ्या, तिला इंटरनेटला जोडणाऱ्या सिमचा) विषय मात्र "ॲपवरनं एसी चालू होतो, सर" एवढ्यावर संपतो. ते सिम काय पाठवतं आणि कुणाला, हे आपणच विचारायचं.

एकाच मॉडेलची दोन व्हेरियंट घेऊ. वरच्यात ई-सिम असतं. गाडी कुठं आहे, वेग किती, ब्रेक किती जोरात मारला, ही माहिती कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकते. खालच्यात नुसता स्क्रीन; फोन जोडायचा, अँड्रॉइड ऑटो (फोनवरचे नकाशे, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी गूगलची सोय) लावायचं. गूगलला आपण कोल्हापुरात राजारामपुरीत आहोत हे कळतंच, पण ते फोनमुळं आधीपासून कळत होतं. ज्यादाचा वाटेकरी तरी येत नाही.

भीती उगाच नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सनं ग्राहकांच्या ड्रायव्हिंगची माहिती विकली, ती विमा कंपन्यांपर्यंत गेली आणि काहींचे हप्ते वाढले. २०२४ मध्ये हे उघड झालं. त्याच वर्षाअखेर फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती उघड्यावर सापडली. आपल्याकडं विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डानं २०२२ मध्येच 'चालवाल तसा हप्ता' धर्तीच्या विम्याला परवानगी दिलीय. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींना पुढं १८ महिन्यांची मुदत मिळाली.

तरी सिम वाईटच, असं नाही. गाडी ड्रायव्हरच्या हातात असेल, किंवा पोरगं रात्री मित्रांना घेऊन पन्हाळ्यावर जात असेल, तर लोकेशन दिसणं कामाचं. (पोराला काय वाटेल, तो घरचा प्रश्न.) गगनबावड्याच्या घाटात रेंज गेली की ॲपही गप्प.

सगळ्यात जपून घ्यायची ती सेकंडहँड सिमवाली. आरटीओत आरसी तुमच्या नावावर झाली, तरी ॲपमध्ये जुन्या मालकाचं खातं तसंच राहू शकतं. मग गाडी कुठं लावलीय हे त्याला घरबसल्या दिसतं. काही मॉडेलांत तर दारही उघडता येतं. व्यवहाराच्या दिवशी समोर बसवून खातं काढायला लावा, स्क्रीनवरचे फोन नंबर पुसा, मगच उरलेले पैसे द्या.

माझं मत: चालवणारे तुम्ही एकटेच असाल तर खालचं व्हेरियंट बास. वरचंच मनात भरलं असेल, तर ॲप-सेवेची फुकटची मुदत संपल्यावर सिम बंद होतं की नुसतं ॲप, हे डीलरकडून लेखी घ्या.