लष्कराकडून शाळा परत घेताना: दुरुस्ती करून घ्यावी की भरपाई?

युद्ध संपल्यावर लष्कराने घेतलेली शाळा परत मिळते, तेव्हा व्यवस्थापनापुढे दोन वाटा असतात. लष्कराकडून इमारत पूर्ववत करून घ्यायची, किंवा आहे तशी ताब्यात घेऊन रोख भरपाई मागायची.

भरपाईत वर्ग लवकर भरतात आणि काम आपल्या देखरेखीखाली होते. पण रक्कम ठरते ती पंचनाम्यावर. त्यात सुटलेली फुटकी फरशी आपल्या खर्चाने बसवावी लागते. कायदा काय वगळतो, तेही आधी वाचा. ब्रिटनच्या १९३९ च्या भरपाई कायद्यात दुरुस्तीचा खर्च धरला जाई, मात्र नेहमीची झीज आणि युद्धातल्या कारवायांनी झालेले नुकसान वगळून. सैनिकी बुटांनी झिजलेला जिना ही नेहमीची झीज मानायची का, वाद नेमका इथेच पेटतो. ताबा देतानाची खोलीवार यादी आणि फोटो असतील, तरच आपली बाजू टिकते.

दुरुस्ती करून घेतली तर पैशाचा घोळ टळतो. मात्र तुकडी हलली की जाब विचारायला कोणी उरत नाही, आणि ‘पूर्ववत’ची व्याख्या लेखी नसेल तर तडे चुन्याखाली झाकले जातात.

आमच्या मते कामे वाटून घ्यावीत. चुकले तर जीव जाईल अशी कामे लष्करानेच करावीत: विहीर, शौचकूप, माळा आणि अंगण यांतला दारूगोळा शोधणे, इंधनाने भिजलेली माती उचलणे, गच्चीवरचा मोर्चा (सैनिकांनी रचलेला वाळूच्या पोत्यांचा आडोसा) हटवणे. मोर्च्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. १२ सेंटिमीटर जाडीचा वाळूच्या पोत्यांचा एक थर चौरस मीटरला सुमारे १९० किलो भरतो, भिजला की आणखी जड. अनेक गच्च्या जेमतेम १५० किलोच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. पोती गच्चीवरच एका कोपऱ्यात रचू देऊ नका, थेट खाली उतरवायला लावा. नंतर स्लॅब खालून तपासा: मधोमध तडे किंवा झोळ दिसला, तर अभियंत्याच्या लेखी दाखल्याशिवाय त्या खोलीत मुले बसवू नका.

वायरिंगही लष्कराच्याच माथी. ५०० व्होल्टवर मेगर (वायरचे इन्सुलेशन मोजणारे उपकरण) लावून प्रत्येक सर्किट किमान १ मेगाओम दाखवते का, हे समक्ष पाहा. रंग, फरशा, दारे-खिडक्या, बाके यांचे मात्र पैसेच घ्या. ती कामे गावचे कारागीर अधिक मन लावून करतात.

ताबापावतीवर ‘कोणताही दावा शिल्लक नाही’ असे वाक्य असेल तर ते खोडून, बाकी कामांची यादी जोडून मगच सही करा.