टिक्का टी३एक्स लाइट, ७ एमएम-०८: हलकी रायफल नेमकी किती हलकी असावी?

जाहिरातीतला वजनाचा आकडा नुसत्या रायफलीचा असतो. चढणीवर खांद्याला लागतं ते स्कोप, तो बसवायचे बेस-रिंगा, पट्टा आणि भरलेलं मॅगझिन धरून होणारं वजन. टिक्काची टी३एक्स लाइट रिकामी सुमारे २.९ किलो भरते. तिच्यावर ३-९×४० चा (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) साधा स्कोप (३५० ते ४०० ग्रॅम), रिंगा-बेसचे शंभरेक ग्रॅम, पट्टा आणि तीन काडतुसं चढवली की काटा साडेतीन किलोच्या आसपास येऊन थांबतो. आमच्या मते मध्यम कॅलिबरच्या शिकारी रायफलीसाठी हेच योग्य वजन आहे. याच्या खाली उतरलं की वाचलेल्या प्रत्येक शंभर ग्रॅमची किंमत खांदा आणि नेम मोजतात.

ही किंमत हिशेबानेच पाहू. ७ एमएम-०८ या काडतुसाची १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅमची) गोळी सुमारे ८५० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. तयार रायफल ३.४ किलोची असेल तर मागे येणारा धक्का साधारण १८ ज्यूलचा. तीच गोळी २.७ किलोच्या रायफलीतून सोडली तर २३ ज्यूल. तेवढ्याच वजनाच्या रायफलीतून .३०-०६ या जास्त ताकदवान काडतुसाची १८० ग्रेनची गोळी सोडली तर आकडा ३६ च्या घरात जातो. असा धक्का सोसता येतो, पण सराव कमी होत जातो, आणि सराव कमी झाला की चाप ओढायच्या आधीच डोळा मिटायची सवय लागते. म्हणून वजन कमी करायचं असेल तर काडतूसही मवाळ घ्यावं. हलकी रायफल आणि मॅग्नम (जास्त दारूचं) काडतूस ही जोडी कागदावरच शोभते.

.३०८ विंचेस्टरच्या काडतुसाचा गळा ७ एमएमपर्यंत आवळून ७ एमएम-०८ तयार झालं, आणि रेमिंग्टनने ते १९८० मध्ये बाजारात आणलं. .३०८ च्या मानाने धक्का दहा-पंधरा टक्क्यांनी कमी, आणि गोळीचा मार्ग जरा सपाट. ६.५ क्रीडमूर या काडतुसाचा धक्का याहूनही थोडा कमी असतो, शिवाय त्याची काडतुसं बहुतेक ठिकाणी जास्त सहज मिळतात. फक्त हरणासारखं जनावर असेल तर क्रीडमूर घ्यायला काहीच हरकत नाही. रानडुकरासारखं जाड हाडाचं जनावरही यादीत असेल तर ७ एमएमची १४० ग्रेनची बाँडेड (शिसं आवरणाला घट्ट जोडलेली) गोळी आम्हाला जास्त भरवशाची वाटते. कॅलिबर ठरवण्याआधी तिथला कायदा वाचून घ्यावा. जर्मनीत, उदाहरणार्थ, रो हरीण (युरोपातलं लहान हरीण) सोडून बाकीच्या खुरवाल्या शिकारीला किमान ६.५ एमएम कॅलिबर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा लागते. ७ एमएम-०८ त्यात आरामात बसतं.

काडतुसाच्या खोक्यावरचा वेग बहुधा ६१ सेंटीमीटरच्या चाचणी नळीतून मोजलेला असतो. लाइटची नळी ५७ सेंटीमीटरची आहे. दर अडीच सेंटीमीटरला साधारण ६ ते ९ मीटर प्रतिसेकंद वेग जातो असं धरलं, तर इथे १०-१५ मीटरचा फरक पडेल; शिकारीच्या अंतरावर तो जाणवतही नाही. याहून बरीच आखूड नळी घेतली तर वेगापेक्षा तोंडाशी होणाऱ्या आवाजाचा आणि जाळाचा त्रास जास्त होतो.

आता रायफलीकडे. फिनलंडमधल्या रिहिमाकी इथल्या साको या टिक्काच्या मालक कंपनीच्या कारखान्यात ती बनते. टी३ ची ही सुधारित आवृत्ती २०१६ मध्ये आली. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) ७० अंशातच उघडतो, त्यामुळे स्कोप खाली बसवला तरी मूठ त्याला घासत नाही. या किमतीच्या वर्गात एवढा गुळगुळीत बोल्ट क्वचितच दिसतो. चाप एक ते दोन किलोच्या दरम्यान जुळवता येतो. रायफल हलकी असली की जड चाप तिला हमखास एका बाजूला ओढतो, म्हणून १.२ ते १.४ किलोवर ठेवावा. हातमोजे घालून वापरणार असाल तर त्याहून हलका नको. तीन गोळ्या एक एमओएच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) घेरात बसतील अशी हमी कारखाना देतो, म्हणजे १०० मीटरवर २९ मिलिमीटर. काडतूस मानवलं तर एवढं सहज निघतं.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. सेफ्टी लावली की बोल्टही बंद होतो. म्हणजे चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकातलं) काडतूस काढायचं तर आधी सेफ्टी काढावी लागते. त्या क्षणी नळीचं तोंड कुठे आहे आणि बोट चापाबाहेर आहे का, याकडे नीट लक्ष हवं. मॅगझिन तीन काडतुसांचं, प्लॅस्टिकचं. पुरवठा बिनचूक, पण वरून भरता येत नाही. टी३एक्समध्ये रिकामं काडतूस बाहेर पडायची खिडकी रुंद केल्यामुळे एकेक काडतूस थेट चेंबरपुढे ठेवता येतं, तेवढीच सोय. जादा मॅगझिन महाग असलं तरी पहिल्याच दिवशी घ्यावं. चढणीवर ते हरवलं तर हातात एकेक गोळी भरायची बंदूकच उरते. शिवाय सगळ्या कॅलिबरांना ॲक्शन (बोल्ट बसतो तो मधला भाग) एकाच लांबीची आहे, म्हणून ७ एमएम-०८ सारखं आखूड काडतूस निवडलं तरी त्यामुळे वजन काही वाचत नाही.

हलक्या रायफलीची खरी दुखणी नळी आणि दस्त्यात असतात. नळी बारीक असल्यामुळे लवकर तापते. पहिल्या तीन गोळ्या एकाच ठिकाणी बसतात, चौथी-पाचवी सरकते, आणि नवा मालक स्कोपचे नॉब फिरवत बसतो. दोष स्कोपचा नसतो. तीन गोळ्या झाल्या की बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावं. झिरो (स्कोपची खूण आणि गोळी एकाच जागी आणणारी जुळवणी) ठरवायचा तो थंड नळीतल्या पहिल्या गोळीवर, कारण शिकारीत तीच उपयोगाची. साफ केल्यानंतर नळीत तेल राहिलं तर ही पहिली गोळी भलतीकडे जाते. निघण्याआधी एक-दोन कोरड्या चिंध्या नळीतून ओढाव्यात. कडाक्याच्या थंडीत बोल्टच्या आत जास्त तेल असेल तर ते घट्ट होऊन काडतुसावर आपटणाऱ्या पिनचा जोर कमी करतं आणि काडतूस फुटत नाही. बोल्ट आतून जवळजवळ कोरडाच बरा.

प्लॅस्टिकच्या दस्त्याचा पुढचा भाग लवतो. नळी दस्त्याला न टेकता मोकळी असते, पण बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून पुढे रेटलं किंवा पट्टा हाताला गुंडाळून ताणला की दस्ता नळीला टेकू शकतो आणि गोळ्या एका बाजूला जायला लागतात. जाडसर कागदाची पट्टी नळीखाली घालून ॲक्शनपर्यंत सरकते का ते पाहावं, आणि मग हीच तपासणी बायपॉडवर भार टाकून परत करावी. बहुतेक जण ही दुसरी तपासणी करतच नाहीत. पोकळ दस्ता झुडपाला घासला की ढोलासारखा वाजतो. टी३एक्सच्या मागच्या भागात त्यासाठी फोम घातलाय. आवाज कमी होतो, पूर्ण जात नाही.

गोळ्या विनाकारण पसरू लागल्या तर आधी स्क्रू पाहावेत. रिंगांचे वरचे स्क्रू साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटरवर, टॉर्क पान्यानेच. अंदाजाने आवळले तर स्कोपची नळी चेपते. ॲक्शनचे स्क्रू माहितीपुस्तिकेतल्या आकड्यावर. रिकॉइल लग (धक्का दस्त्यावर पोचवणारा तुकडा) टी३मध्ये ॲल्युमिनियमचा होता, टी३एक्समध्ये पोलादी आहे. जुनी टी३ विकत घेताना तो चेपला आहे का ते दस्ता उघडून बघावं.

बेंचवर हलकी रायफल नुसती वाळूच्या पिशवीवर ठेवून सोडली तर उसळते आणि गोळी वर जाते. पुढचा दस्ता तळहातात धरून हात पिशवीवर टेकवावा, म्हणजे रानात जसं धरणार तसंच होतं. २०० मीटरवर झिरो केलं तर १०० वर गोळी ५-६ सेंटीमीटर वर लागते आणि ३०० वर २० ते २५ सेंटीमीटर खाली. बहुतेकांनी त्यापुढे जाऊ नये. स्कोप ४० मिलिमीटरचाच घ्यावा. ५० चा घेतला की रिंगा उंच लागतात, गाल दस्त्यावरून सुटतो आणि वाचवलेलं वजन परत वर चढतं. डोळ्यापासून किमान ९ सेंटीमीटर अंतर देणाराच स्कोप निवडावा, नाहीतर भुवई फुटते.

याहून हलकं हवं असेल तर किंबर ८४एम मॉन्टाना सुमारे २.३ किलोची आहे. सुंदर रायफल, पण ती झेपायला नेम आधीच पक्का लागतो. पहिली रायफल म्हणून नको. विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट ३.१ किलोच्या आसपास. तिचा बोल्ट काडतूस मॅगझिनमधून निघतानाच पकडतो, वरून भरताही येतं, आणि लाकडी दस्ता ज्यांना हवा त्यांनी दुसरीकडे बघूच नये. सतत पावसात फिरणं असेल तर मात्र लाकूड फुगतं आणि झिरो सरकतो; तिथे लाइटची स्टेनलेस आवृत्ती सरस.

डावखुऱ्यांसाठी लाइट डाव्या बोल्टचीही बनते, पण सगळ्या कॅलिबरांत नाही. ७ एमएम-०८ मिळत नसेल तर ६.५ क्रीडमूर किंवा .३०८ घ्यावी; झिरोचे आकडे थोडे बदलतील, बाकी सगळं तसंच.